आधी जिवाणू की आधी गाठ?

‘तुझा पीएच.डी.चा विषय काय?’ असं कुणी विचारलं आणि मी ‘आतड्यातले जिवाणू आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर’ असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘म्हणजे दही खायचं की नाही, ते सांग.’ लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, सगळीकडे हाच प्रश्न. (दाताच्या डॉक्टरचा या गोष्टीशी खरंच संबंध आहे, तो पुढे येईल.)

दह्याचं उत्तर देते, पण थोडं थांबा. त्याआधी एक दुसरा प्रश्न बघू, कारण त्याने या क्षेत्रातल्या लोकांना गेली सत्तर वर्षं छळलं आहे. कॅन्सरच्या गाठीत एखादा जिवाणू सापडला, तर त्याने ती गाठ केली, की गाठ झाल्यावर तो तिथे राहायला आला? पडक्या वाड्यात वटवाघळं दिसली म्हणून वाडा वटवाघळांनी पाडला असं आपण म्हणत नाही. पण वाळवी दिसली तर? आणि वाळवी वाडा पोखरून कधीच निघून गेली असेल आणि आपण पोचलो तेव्हा फक्त वटवाघळं उरली असतील, तर?

सुरुवात दह्यापासूनच करू. एली मेचनिकॉफ हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ. (मुंबईकरांसाठी: परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचं नाव आहे ते वाल्देमार हाफकिन ओडेसाला यांच्याच हाताखाली शिकले.) शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवल्याबद्दल मेचनिकॉफ यांना १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. उतारवयात मात्र त्यांच्या डोक्यात एका वेगळ्याच कल्पनेने घर केलं. मोठ्या आतड्यातले जिवाणू अन्न कुजवतात, त्यातून विष तयार होतं आणि माणूस त्याने म्हातारा होतो, ही ती कल्पना. उपाय काय, तर आंबवलेलं दूध प्या. ते स्वतः नेमाने पीत, आणि १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी वारले. इंग्लंडमध्ये आर्बथनॉट लेन नावाचे सर्जन तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच काढून टाकायचे! पुढे हा सगळा सिद्धांत मोडीत निघाला आणि त्याच्याबरोबर आतड्यातले जिवाणू हा विषयही बदनाम झाला. पुढची काही दशकं गंभीर संशोधक या वाटेला फारसे फिरकले नाहीत.

नंतर ही वाट उघडली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर. तिथल्या चामोरो लोकांमध्ये एक मज्जासंस्थेचा आजार फार दिसायचा. संशय गेला सायकॅड नावाच्या झाडाच्या बियांवर. या बिया विषारी असतात. लोक त्या चिरून, दिवसचे दिवस पाणी बदलत भिजवून, वाळवून त्यांचं पीठ करत. (याच जातकुळीचं झाड आपल्या पश्चिम घाटातही आहे. केरळात त्याच्या बियांचं पीठ खातात, तेही असंच विष काढून.) अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हे पीठ उंदरांना खायला घातलं. मज्जासंस्थेचा आजार काही झाला नाही, पण पॅथॉलॉजिस्ट लाकर यांनी उंदीर उघडून पाहिले तर यकृतात, मूत्रपिंडात आणि आतड्यात गाठी! हा शोधनिबंध १९६३चा.

बियांतलं विष वेगळं काढलं होतं, त्याचं नाव सायकॅसिन. आता गंमत बघा. सायकॅसिन तोंडाने दिलं तर विषारी. तेच मोठ्या उंदराला टोचून दिलं तर बरंचसं लघवीतून जसंच्या तसं बाहेर, आणि उंदीर ठणठणीत. म्हणजे आतड्यातून जाताना त्याचं काहीतरी होत होतं. ते ‘काहीतरी’ शोधायला त्यांनी जंतूविरहित उंदीर घेतले. हे उंदीर सिझेरियनने जन्माला घालतात, निर्जंतुक पेटीत निर्जंतुक अन्नावर वाढवतात, त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नसतो. त्यांना सायकॅसिन भरपूर खाऊ घातलं. काहीही झालं नाही.

कारण असं की सायकॅसिनमध्ये घातक भाग एका साखरेच्या रेणूला जोडलेला असतो. जोडलेला आहे तोवर तो निरुपद्रवी. जिवाणूंकडे ही साखर तोडणारं एन्झाइम असतं. त्यांना हवी असते ती साखर, पण ती तोडताना दुसरा तुकडा मोकळा सुटतो. तोच मोकळा तुकडा थेट दिल्यावर जंतूविरहित उंदरांनाही गाठी झाल्या, म्हणजे शंकेला जागा उरली नाही. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग आहे आणि आज तो फारसा कुणाला आठवत नाही. जिवाणू इथे खुनी नाहीत, दलाल आहेत. पण दलालाशिवाय व्यवहार होत नव्हता.

त्याच सुमारास माणसांचे आकडेही बोलू लागले होते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर अमेरिका-युरोपात भरपूर, आफ्रिकेत आणि आपल्याकडे कमी. भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली, तिथेही हेच दिसलं. जपानी लोक हवाईला जाऊन राहिले की त्यांच्यातलं प्रमाण वाढायचं, म्हणजे कारण नुसतं रक्तातलं नाही, राहणीतलंही आहे. डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये बोट ठेवलं ते आहारातल्या चोथ्यावर. चोथा आतड्यात गेला की त्याचं पुढे जे होतं ते जिवाणूच करतात, तेव्हा विषय पुन्हा तिथेच आला.

आणि मग एक धागा भलत्याच अवयवातून सापडला. हृदयातून.

हृदयाच्या झडपेला जिवाणूंचा संसर्ग होतो, त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. १९५१ मध्ये अलाबामातल्या दोन डॉक्टरांनी राज्याच्या वैद्यकीय मासिकात एका रुग्णाची हकीकत लिहिली होती: झडपेला संसर्ग, आणि त्याच माणसाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर. एका रुग्णावरून काय ठरणार? पण असे रुग्ण अधूनमधून येत राहिले. १९७७ मध्ये न्यूयॉर्कचे रॉबर्ट क्लाइन आणि सहकाऱ्यांनी सरळ मोजणीच केली. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा जिवाणू किती लोकांच्या शौचात सापडतो? मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेल्या ६३ जणांपैकी ३५ जणांत. कॅन्सर नसलेल्या १०५ जणांपैकी ११ जणांत.

फरक केवढा आहे बघा! तरीही ‘हा जिवाणू कॅन्सर करतो’ असं म्हणता येत नव्हतं, आणि आपला मूळ प्रश्न इथे पहिल्यांदा नीट समोर येतो. गाठीमुळे आतड्याचं अस्तर फाटतं, तिथून जिवाणू रक्तात शिरतात, रक्तातून झडपेवर बसतात. गाठीच्या आसपास त्यांना राहायलाही सोयीचं असतं. म्हणजे गाठ आधी आणि जिवाणू नंतर, हाही अर्थ तितकाच चपखल बसतो. डॉक्टरांनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. आजही या जिवाणूचा (आता त्याचं नाव बदलून गॅलोलिटिकस झालंय) हृदयात संसर्ग आढळला, तर रुग्णाला कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगतात. वटवाघूळ का असेना, वाडा पडका आहे हे तर त्याने सांगितलं! अशा कोलोनोस्कोपीतून न कळलेले कॅन्सर आणि कॅन्सरआधीच्या गाठी वेळेत सापडतात. सिद्धांत अपुरा असतानाही उपयोग होऊ शकतो, हे मला संशोधक म्हणून जरा खुपतं, पण आहे ते असं आहे.

इथून आपण थेट २०११ मध्ये येऊ. मधल्या काळात डीएनए वाचणं स्वस्त झालं होतं. व्हँकुव्हरमध्ये रॉबर्ट होल्ट यांच्या गटाने आणि बॉस्टनमध्ये मॅथ्यू मेयरसन यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळपास एकच युक्ती केली. गाठीतला सगळा जनुकीय मजकूर वाचायचा, त्यातून माणसाचा म्हणून जो ओळखता येतो तो वजा करायचा, आणि उरेल ते कुणाचं आहे ते बघायचं. होल्ट यांच्याकडे सुरुवातीला ११ रुग्ण होते, मेयरसन यांच्याकडे ९. प्रत्येकाची गाठ आणि शेजारचं निरोगी आतडं अशी जोडी. दोघांनाही गाठीत तोच जिवाणू जास्त सापडला: फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. मग आणखी शंभरेक रुग्णांत तपासलं, तेव्हाही चित्र तेच.

सगळेच चक्रावले, कारण हा मुळात तोंडातला जिवाणू. दातांवरच्या किटणात, सुजलेल्या हिरड्यांत सापडणारा. (म्हणून दाताचे डॉक्टर.) २०१३ मध्ये दिसलं की ज्या उंदरांना जन्मतःच आतड्यात गाठी होण्याची खोड आहे, त्यांना हा जिवाणू खाऊ घातला तर गाठी वाढतात. २०१७ मध्ये सुझन बुलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅन्सर आतड्यातून यकृतात पसरतो तेव्हा हा त्याच्याबरोबर प्रवास करतो. अशा गाठी उंदरांत वाढवून त्यांना मेट्रोनिडॅझोल दिलं, तर गाठींची वाढ मंदावली. हो, तेच मेट्रोनिडॅझोल, जुलाब झाले की डॉक्टर देतात ते. म्हणून कुणी घरातल्या डब्यातली गोळी घेऊ नका. तो उंदरांतला प्रयोग आहे, आणि हे अँटिबायोटिक इतर कितीतरी उपयोगी जिवाणूंनाही मारतं.

मग फ्युसोबॅक्टेरियम वाळवी की वटवाघूळ? मला तो पिंपळासारखा वाटतो. पिंपळ भिंत फोडत नाही. आधीच्या फटीत रुजतो, पण एकदा रुजला की फट रुंद करत जातो. आहे ती गाठ वाढवण्यात त्याचा हात आहे याचा पुरावा बराच भक्कम आहे. पहिली फट त्याने पाडली याचा नाही.

पहिली फट म्हणजे काय? पेशीच्या डीएनएमध्ये झालेला बदल. तेव्हा खरा संशयित शोधायचा तर डीएनएला हात घालणारा जिवाणू हवा. तो सापडला होता २००६ मध्ये, फ्रान्समधल्या टूलूझला, आणि तो होता आपला रोजचा ई. कोलाय. जवळजवळ प्रत्येकाच्या आतड्यात असणारा. पण सगळे ई. कोलाय सारखे नसतात. जाँ-फिलिप नूगेरेद, एरिक ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की काही वाण माणसाच्या पेशींना चिकटले की पेशी फुगतात आणि विभाजन थांबवतात, कारण त्यांच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटलेले असतात. या वाणांच्या जनुकसंचात एक लांबलचक जादा तुकडा होता, ‘पीकेएस’ नावाचा. त्यातली जनुकं मिळून एक रसायन बनवतात, त्याला नाव दिलं कोलिबॅक्टिन. हे रसायन इतकं अस्थिर की बाटलीत धरताच येईना. त्याची रचना नीट कळायला २०१९ उजाडलं. तेरा वर्षं! आपली पीएच.डी. लांबली म्हणून रडणाऱ्यांनी (मी धरून) हे लक्षात ठेवावं.

या गोष्टीतला सगळ्यात चमत्कारिक योगायोग त्याच शोधनिबंधात आहे. पहिल्या महायुद्धात फ्रायबुर्गचे आल्फ्रेड निसल हे डॉक्टर एका प्रश्नाच्या मागे होते: छावणीत सगळ्यांना हगवण लागली तरी एखादाच सैनिक धडधाकट कसा राहतो? १९१७ मध्ये अशाच एका सैनिकाच्या शौचातून त्यांनी ई. कोलायचा एक वाण वेगळा काढला आणि त्याचं औषध केलं. ते जर्मनीत आजही मिळतं. मेचनिकॉफ यांच्या दह्याचा जणू चुलतभाऊ. टूलूझच्या लोकांनी पाहिलं तर त्या शंभर वर्षं जुन्या औषधी वाणातही पीकेएस तुकडा होता. त्या औषधाने कुणाला कॅन्सर झाल्याचं कुणी दाखवलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. पण चांगले जिवाणू आणि वाईट जिवाणू असे दोन डबे करून मोकळं होणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

२०१२ मध्ये अमेरिकेत क्रिस्तियाँ जोबाँ यांच्या गटाने आतड्याला सूज येण्याची खोड असलेले जंतूविरहित उंदीर घेतले. काहींच्या आतड्यात पीकेएसवाला ई. कोलाय सोडला, काहींच्या आतड्यात दुसराच एक जिवाणू. जोडीला अझॉक्सिमिथेन हे रसायन दिलं. (हे रसायन शरीरात बदलून सायकॅसिनमधला तोच घातक तुकडा तयार होतो. ग्वामच्या बिया आमच्या प्रयोगशाळांतून अजून गेलेल्या नाहीत.) सूज दोन्हीकडे सारखीच आली. कॅन्सर मात्र ई. कोलायवाल्यांतच झाले. मग ई. कोलायमधून फक्त पीकेएस कापून टाकला, तर सूज तेवढीच आणि गाठी कमी. माणसांत मोजलं तेव्हा कॅन्सरच्या २१ रुग्णांपैकी १४ जणांत पीकेएस होता, कॅन्सर नसलेल्या २४ पैकी ५ जणांत. म्हणजे पुन्हा क्लाइन यांच्यासारखीच मोजणी, आणि पुन्हा तोच प्रश्न: आधी कोण?

याचं उत्तर जिवाणू मोजून मिळणारच नव्हतं. कॅन्सर कळतो तेव्हा माणूस पन्नास-साठ वर्षांचा असतो, आणि पहिली फट कदाचित काही दशकं आधी पडलेली असते. आज आतड्यात कोण आहे यावरून तेव्हा कोण होतं ते कसं कळणार? पण डीएनए विसरत नाही. २०१३च्या सुमारास केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या ल्युडमिल अलेक्झांड्रॉव्ह आणि माइक स्ट्रॅटन यांनी दाखवलं होतं की डीएनए बिघडवणारी प्रत्येक गोष्ट आपली खास धाटणी मागे ठेवते. उन्हाने होणारे बदल एका प्रकारचे, तंबाखूच्या धुराने होणारे दुसऱ्या प्रकारचे. अक्षरावरून चिठ्ठी कुणी लिहिली ते ओळखावं तसं.

मग कोलिबॅक्टिनचं अक्षर कसं दिसतं? नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या आतड्याच्या पेशींपासून इवलीशी पोकळ आतडी वाढवतात. बारीक सुईने त्यांच्या पोकळीत पीकेएसवाला ई. कोलाय सोडला. थोड्या दिवसांनी जिवाणू मारले, पेशी वाढू दिल्या, पुन्हा सोडला. असं पाच महिने. शेजारी तोच वाण, पण कोलिबॅक्टिन बनवता न येणारा. शेवटी दोन्हींचे डीएनए वाचले. कोलिबॅक्टिनवाल्या पेशींत एक ठरावीक, ओळखू येणारी धाटणी उमटली होती. मग त्यांनी माणसांच्या ५,८७६ कॅन्सरच्या डीएनए नोंदी चाळल्या. तीच धाटणी काहींमध्ये सापडली, आणि मुख्यतः मोठ्या आतड्याच्याच कॅन्सरमध्ये. हे २०२० साल.

याच्या काही महिने आधी सँगर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री ली-सिक्स आणि सहकाऱ्यांनी ४२ जणांच्या आतड्यातल्या निरोगी पेशी वाचल्या होत्या. त्यांना काही जणांत, आतड्याच्या काही पट्ट्यांत, एक अनोळखी अक्षर दिसलं होतं. कुणाचं ते माहीत नव्हतं, पण कधीचं ते हिशोबाने काढता आलं: बरंचसं आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतलं. नंतर दोन्ही अक्षरं ताडून पाहिली तर ती जुळली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान परत मागे उलटून बघितलं होतं. पहिली दहा वर्षं! वाळवी लागली ती शाळेत जायच्या वयात, आणि आम्ही साठीतल्या माणसाच्या गाठीत ती शोधत होतो.

२०२५ मध्ये अलेक्झांड्रॉव्ह यांच्याच गटाने (ते आता सॅन डिएगोला आहेत) ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठी वाचल्या. कोलिबॅक्टिनच्या खुणा चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत, सत्तरीनंतर झालेल्यांच्या तुलनेत, ३.३ पट जास्त आढळल्या, आणि त्या गाठीच्या इतिहासात अगदी सुरुवातीला उमटलेल्या होत्या. निदानाच्या वेळी गाठीत हा जिवाणू आहे की नाही याचा त्या खुणांशी मेळ मात्र बसला नाही. म्हणजे काम करून तो कधीच गेलेला असू शकतो. अनेक देशांत पन्नाशीच्या आतल्या लोकांत हा कॅन्सर का वाढतोय हे कोडंच आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा इथे असू शकतो. ‘असू शकतो’ हे शब्द मी मुद्दाम वापरतेय. पीकेएसवाला ई. कोलाय कितीतरी लोकांच्या आतड्यात असतो आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच कॅन्सर होत नाही. शिवाय अनेक तरुण रुग्णांच्या गाठीत ही खूण नसतेच.

तुम्ही तिशी-चाळिशीतले असाल तर यातून आज करण्यासारखं एकच आहे. शौचातून रक्त जाणं, शौचाची सवय आठवडेच्या आठवडे बदललेली राहणं, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन घटणं, यातलं काही दिसलं तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरी बसू नका. डॉक्टरला दाखवा. बहुतेक वेळा ती मूळव्याधच निघते, पण ते तपासून कळलेलं बरं.

आणि दही? खा की. आवडतं म्हणून खा. त्याने पीकेएस जातो किंवा कॅन्सर टळतो असं मात्र मी सांगू शकत नाही, आणि बाटलीवर तसं कुणी लिहिलं असेल तर त्यांनाही ते माहीत नाही.

प्रयोगशाळेतला प्रश्न आता बदललाय. गाठीतल्या जिवाणूंकडून तो लहान मुलांच्या आतड्याकडे सरकलाय: हा वाण मुलांत कधी येतो, कुणाकडून येतो, काही मुलांत टिकतो आणि काहींतून निघून जातो तो का. हे समजायला मुलांच्या शौचाचे नमुने जन्मापासून घेत राहावे लागतात, आणि कॅन्सरपर्यंतचं उत्तर हवं असेल तर त्याच मुलांकडे चाळीस वर्षांनी परत जावं लागेल. एवढ्या मुदतीची फेलोशिप अजून कुणी देत नाही.